दुपारचा गेटपास

फाउंड्रीच्या, म्हणजे धातू साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या, टाइम ऑफिसात हजेरी-पगाराचं बघत बसणाऱ्या माणसाला कामगारांची घरं तिथं न जाताच कळतात, गेटपासवरून. कोअर शॉपमधली, म्हणजे साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे बनवतात त्या खात्यातली, एक बाई रोज बाराच्या सुमाराला पास मागायला येते, "मॅडम, मी जाऊन लगेच येतो", आणि पाऊण तासात खरंच परत येते, म्हणजे जवळच कुठंतरी घर आहे आणि घरात कुणीतरी आहे ज्याला वेळेवर भरवावं लागतं. फेटलिंगमधले, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करतात तिथले, एक दादा थर्ड शिफ्ट आली की दर वेळी कुणाशी तरी बदलून घेतात, म्हणजे रात्री घरात कुणाला तरी एकटं सोडता येत नाही. इन्स्पेक्शनचा पोरगा सोमवारी लेट असतो म्हणजे असतोच, कारण त्या दिवशी वडिलांची ओपीडी. कारणाच्या रकान्यात मात्र सगळ्यांनी एकच लिहिलेलं असतं, घरगुती काम. मी हे पास बरीच वर्षं फाईलला लावतेय आणि त्या फाईलवरून एक गोष्ट मला पक्की कळलीय, की यातल्या जवळजवळ कुणालाच सुट्टी नको असते. त्यांना वेळ थोडी इकडची तिकडं करून हवी असते आणि ती मिळणार का नाही हे आधी कळायला हवं असतं. एवढंच. आणि एवढ्याशा गोष्टीपायी चांगल्या चांगल्या माणसांना मी नोकरी सोडून जाताना बघितलंय.

फ्लेक्सिबल वर्किंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं पुणं येतं, हिंजवडी येतं, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली मुलं येतात. कोल्हापुरात हा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं, "मॅडम, कास्टिंग काय घरनं ओततंय व्हय?" बरोबर आहे, नाही ओतता येत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत, शिवाजी उद्यमनगर, सगळीकडं कामाला वाळू आहे, लोखंड आहे, मशीन आहे, आणि माणूस तिथं उभा असल्याशिवाय ते काम होत नाही. पण म्हणून हा विषय आमचा नाही असं मला अजिबात वाटत नाही. उलट तो आमचाच जास्त आहे, कारण ज्याला घरून काम करता येतं त्याच्याकडं निदान एक वाट तरी आहे, मोल्डिंगवाल्याकडं, वाळूचे साचे करणाऱ्याकडं, तीही नाही. त्याला बदलता येण्यासारखी गोष्ट एकच, कामाची वेळ, आणि तिच्यावर त्याचा काडीचाही ताबा नसतो.

माझ्या घरचं सांगते. सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं अर्धंमुर्धं राहिलं. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही, पण ज्यांच्या घरात नाही त्यांना खरंच कल्पना नसते म्हणून लिहिते. आडव्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर बेडसोर होतो, आणि एकदा का तो झाला की भरून यायला महिनोन्महिने जातात, मग एअर बेड आणला तरी कूस बदलणं सुटत नाही. गिळताना ठसका लागतो, त्यामुळं भरवणं म्हणजे चमच्याचमच्याचं काम, घाई केली की अन्न श्वासनलिकेत जायची भीती. डायपर, स्पंजिंग, बीपीची गोळी, सुगरची गोळी, फिजिओथेरपीवाल्या ताई येतात त्यांच्यासमोर व्यायाम बघून ठेवायचा कारण दिवसातून दोनदा तो आपल्यालाच करून घ्यायचा असतो. यातलं एकही काम अवघड नाही. पण प्रत्येक काम वेळेला बांधलेलं आहे, आणि नोकरीही वेळेलाच बांधलेली. या दोन वेळा एकमेकींवर आल्या की माणूस मधल्यामध्ये चेंगरतो.

आमच्याकडं दिवसभर सांभाळायला ज्या मावशी येतात त्या आधी मंगळवार पेठेतच दुसऱ्या एका आजीचं सकाळचं सगळं आवरतात आणि मग दहाला आमच्याकडं. माझी जनरल शिफ्ट साडेआठची. म्हणजे प्रश्न होता, जाण्याचा वेळ धरून, सगळा मिळून दोन तासांचा. मावशींना लवकर बोलवावं तर त्या आजीचं कोण करणार, तिची सून पण नोकरीलाच. नवरा उद्यमनगरात मशीन शॉपला, तो सकाळी सातला बाहेर पडतो पण तीनला सुटतो, म्हणून दुपारनंतरचं आणि रात्रीचं त्याच्याकडं. तर मी साहेबांना जाऊन सांगितलं की मला दहा वाजेपर्यंत घरी थांबावं लागतंय, मी साडेदहाला येते, संध्याकाळी उशिरापर्यंत थांबते, आणि पगारपत्रक आणि पीएफ-ईएसआयची (भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विम्याची) कामं तर कॉम्प्युटरवरचीच आहेत, ती रात्री घरून करते. साहेब भला माणूस, एका मिनिटात म्हणाले, "चालतंय की, घरचं आधी बघा." माझी नोकरी त्या एका वाक्यावर टिकली हे मी आजही मानते.

पण मग साहेब रिटायर झाले. नवे आले, त्यांनी पंचिंगचा रिपोर्ट काढला, माझ्या नावापुढं रोजचा लेट मार्क बघितला आणि बोलावून विचारलं, "हे कुठं लिहिलंय?" कुठंच लिहिलेलं नव्हतं. मला त्यांचा राग नाही आला खरं सांगायचं तर, प्रश्न रास्त होता. पण त्या दिवशी संध्याकाळी शाहू नाक्यावरून गाडी घेऊन घरी येताना माझ्या मनात एकच चाललं होतं, की आपण ज्याच्यावर घर उभं केलं होतं ती एका माणसाची मेहेरबानी होती. तो माणूस गेला, मेहेरबानी गेली. पुढं ते निस्तरलं, लेखी करून घेतलं, तो वेगळा भाग. पण मी टाइम ऑफिसात बसते, मला अर्ज कसा लिहायचा, कुणापुढं ठेवायचा हे माहीत आहे, मालकांशी बोलायची ओळख आहे. कोअर शॉपमधल्या बाईकडं यातलं काय आहे? तिला रोज बाराला खिडकीशी येऊन माझ्या तोंडाकडं बघावं लागतं, आज पास मिळतोय का नाही.

आमच्याकडं एक मोल्डर होते. नाव नको, पण अख्ख्या शेडमध्ये त्यांच्या हातासारखा हात नव्हता, मूठभर वाळू दाबून बघायचे आणि ओल कमी आहे का जास्त ते सांगायचे, लॅबचा रिपोर्ट नंतर यायचा आणि तेच सांगायचा. त्यांच्या बायकोची किडनी गेली, डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन वेळा, एका वेळेला चार तास, शिवाय जाणं-येणं आणि आल्यावर ती अंथरुणालाच खिळलेली. सेंटरनं स्लॉट दिला तो सकाळचा, आणि एकदा मिळालेला स्लॉट सहजासहजी बदलून मिळत नाही कारण मशीनं मोजकी आणि पेशंट भरपूर. आता यांची शिफ्ट दर आठवड्याला फिरायची, फर्स्ट, सेकंड, थर्ड. सेकंड असली की सगळं नीट, सकाळी बायकोला नेऊन आणायचे आणि तीनला कामावर हजर. फर्स्ट आली की आठवड्यातले तीन दिवस कोलमडले. म्हणजे या माणसाला रजा नकोच होती, त्याला फक्त कायमची सेकंड शिफ्ट हवी होती, जी बाकीच्या कुणालाच आवडत नाही! रात्री अकराला सुटून घरी जाणं कुणाला हवंय, तिघंजण आनंदानं बदलून द्यायला तयार होते. पण रोटेशन म्हणजे रोटेशन, एकाला दिलं की सगळे मागतील, हे उत्तर आलं. मग पीएल संपली, सीएल संपली, बिनपगारी सुरू झाली, हजेरी भत्ता गेला. शेवटी त्यांनी हिशोब घेतला आणि रिक्षा घेतली. कमाई कमी, पण रिक्षा हवी तेव्हा थांबवता येते म्हणाले. त्यांच्या जागी नवीन घेतलेल्या पोराचा हात बसेपर्यंत किती साचे रिजेक्ट झाले ते क्वालिटीवाल्यांना विचारा.

हजेरी भत्त्याबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. महिनाभर एकही खाडा नाही तर अमुक रुपये जास्त, एक खाडा झाला की निम्मे, दोन झाले की शून्य. साध्या पगारात ती रक्कम मोठी असते, शाळेची फी किंवा गॅस सिलिंडर त्यातून निघतो. आता ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याचा महिन्यात एक खाडा होणार हे ठरलेलंच, म्हणजे ज्याला औषधपाण्याला पैसे सगळ्यात जास्त लागतात नेमकं त्याचंच बक्षीस दर महिन्याला कापलं जातं. हे कुणी मुद्दाम करत नाही, मला माहीत आहे, नियम करताना दांड्या मारणारा माणूस डोळ्यापुढं असतो. पण पगारपत्रक मी बनवते आणि कुणाचा कापला जातोय ती नावं मला पाठ झालीयत, त्यातला एकही दांडीबहाद्दर नाही.

कायदा काय म्हणतो हे लोक मला नेहमी विचारतात, टाइम ऑफिसात बसते म्हणून. तर १९४८ चा फॅक्टरी कायदा, ज्यावर आमच्यासारख्यांची अख्खी कारकीर्द गेली, त्यात भरपगारी रजा वीस दिवस कामामागं एक दिवस अशी मिळायची, त्यासाठी वर्षात २४० दिवस भरलेले लागायचे (त्याच्या जागी २०२५ साली लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ते १८० वर आणलेत, ही चांगली गोष्ट). पण जुन्या कायद्यात अशीही तरतूद होती की रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा, आणि वर्षात ही रजा तीनपेक्षा जास्त वेळा तोडून घ्यायची नाही. स्वतः आजारी पडलात तर अर्जाच्या मुदतीत सूट होती. पण आई बाथरूममध्ये घसरून पडणार असेल तर ती पंधरा दिवस आधी कसं कळवणार? आणि डायलिसिसला वर्षात तीन तुकडे कसे पुरणार, तिथं आठवड्यातच तीन लागतात. ज्यांनी तो कायदा केला त्यांच्या मनात कामगार म्हणजे असा माणूस होता ज्याच्या घरचं सगळं बघायला दुसरं कुणीतरी घरात आहे. १९४८ साली असेलही तसं. आता दोघं कमावल्याशिवाय भागत नाही आणि घरात माणसंही मोजकीच.

ईएसआयचंही तसंच. एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्याला ईएसआय लागू, आमचे बहुतेक सगळे त्यातच. कामगाराच्या आईवडिलांना, ते त्याच्यावर अवलंबून असतील तर, उपचार मिळतात, आणि ही फार मोठी सोय आहे, मी कित्येकांना ती कार्डं काढून दिलीत. कामगार स्वतः आजारी पडला तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भरपाईही मिळते. पण आईला दवाखान्यात घेऊन गेला तर? आईवर उपचार होणार आणि याचा दिवस बुडणार. आजारी माणूस एकटा चालत दवाखान्यात येतो असं धरून ही सगळी व्यवस्था बांधलीय की काय असं मला कधी कधी वाटतं.

बाळंतपणाचा कायदा त्या मानानं पुष्कळ पुढं गेलाय. १९६१ च्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, पहिल्या दोन मुलांना बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवडे झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर पाहिजे, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडं जाता आलं पाहिजे, आणि कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर मालकाशी ठरवून घरून काम करायचीही सोय लिहिलीय. सरकारी नोकरीत अजून जास्त आहे, केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांसाठी अख्ख्या नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापक बाईंची केस आली, मुलाला जन्मजात हाडांचा आजार, उपचारात त्यांच्या सगळ्या रजा संपल्या आणि राज्यानं ही रजा लागू केलेली नव्हती म्हणून अर्ज नाकारला, तेव्हा न्यायालयानं सांगितलं की बायकांनी नोकरीत असणं ही काही सवलत नाही, ती घटनेची मागणी आहे. मी तो निकाल वाचला तेव्हा मला फार बरं वाटलं. पण आमच्या गल्लीतल्या शेडचं बघा, कितीतरी ठिकाणी पटावर पन्नास माणसंच भरत नाहीत, बाकीची कंत्राटी. पाळणाघर येणार कुठून.

आणि म्हाताऱ्या माणसांसाठी? २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, मुलांनी आईवडिलांना सांभाळलंच पाहिजे, नाही सांभाळलं तर न्यायाधिकरण महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता द्यायला लावू शकतं. चांगला कायदा आहे. पण सांभाळायचं म्हणजे पैसे द्यायचे एवढंच धरलंय त्यात, सांभाळायला वेळ लागतो आणि तो वेळ नोकरीतनं काढायचा असतो याबद्दल खासगी नोकरीवाल्यासाठी कुठंच काही लिहिलेलं नाही. सरकारी नोकरांना निदान एक दिलासा आहे, केंद्रानं २०१८ साली आदेश काढला की घरात दिव्यांग मूल, जोडीदार, आईवडील किंवा भावंड सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट देता येईल. म्हणजे सांभाळणारा माणूस सरकारला दिसतो. आमच्या बाजूला तो अजून दिसायचाय.

बाहेर बघितलं तर ब्रिटनमध्ये २००३ साली त्यांनी एक साधी गोष्ट केली. सहा वर्षांखालच्या मुलांच्या आईबापांना, आणि मूल दिव्यांग असेल तर अठरापर्यंत, कामाची वेळ बदलून मागायचा हक्क दिला. मिळायचा नव्हे, मागायचा. मागितलं की मालकानं विचार करायलाच हवा, नाकारलं तर धंद्याचं कारण द्यायला हवं. २००७ ला तो मोठ्या माणसांना सांभाळणाऱ्यांना मिळाला, २०१४ ला सगळ्याच कर्मचाऱ्यांना, आणि २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. त्याच वर्षी वर्षाला एक आठवडा सांभाळणुकीची रजा पण आली, बिनपगारी, पण हक्काची. जपानमध्ये तर आईवडिलांना सांभाळायला नोकरी सोडणाऱ्यांची संख्या एवढी वाढली की तो तिथं राष्ट्रीय प्रश्न झाला, तिथं घरातल्या प्रत्येक आजारी माणसामागं ९३ दिवस रजा मिळते आणि ती तीन भागांत तोडून घेता येते. मला यातली ब्रिटनची सुरुवात सगळ्यात जास्त पटते, कारण ती आमच्यासारख्या छोट्या कारखान्यालाही परवडेल. मागायचा हक्क द्यायला काय खर्च येतो? एक छापील अर्ज, आणि उत्तर द्यायची बांधिलकी.

मालकांची बाजू मला माहीत नाही असं नाही. रोज बघते. फर्नेस, म्हणजे भट्टी, एकदा चालू केली की हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेला धातू, वेळेत ओतलीच पाहिजे, धातू कुणासाठी थांबत नाही. वरच्या, म्हणजे आमचा माल घेणाऱ्या कंपनीचं शेड्यूल आलं की गाडी लोड होऊन ठरलेल्या दिवशी निघालीच पाहिजे, नाही गेली तर दंड. साठ-सत्तर माणसांच्या कारखान्यात चारजण एकाच दिवशी उशिरा आले तर लाईन उभी राहते. हे सगळं खरं आहे. पण फाउंड्री म्हणजे नुसती फर्नेस नाही ना. कोअर शॉपचं काम बरंचसं नगावर मोजलं जातं, ते नऊला सुरू केलं काय आणि दहाला सुरू केलं काय, दिवसाचे नग भरले की झालं. फेटलिंगला ढीग पुढं पडलेला असतो. इन्स्पेक्शन, पॅटर्न स्टोअर, ड्रॉइंग, अकाउंट, डिस्पॅचची कागदपत्रं, इथं तास-दोन तास इकडं तिकडं झाले तर कुठं काय बिघडतं? सगळ्यांना एकच घड्याळ लावलंय ते फर्नेसचं, आणि फर्नेसवर माणसं किती, मोजकी.

आणि वेळ वाकवता येते हे आम्ही करून दाखवलंय. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवा, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, पंचगंगेच्या काठची गावंच्या गावं अडकली, तेव्हा जे येऊ शकत होते त्यांच्यावर शिफ्ट बसवल्या, कुणी बारा तास थांबलं, कुणी पाणी उतरल्यावर येऊन भरून काढलं, एकालाही कुणी विचारलं नाही की उशीर का झाला. २०२१ ला परत तेच. कोरोनात अकाउंटचं सगळं काम घरून झालं आणि ताळेबंद वेळेवर लागला. पुरात अडकलेल्या माणसाला वेळ देता येते कारण पूर सगळ्यांना दिसतो. एखाद्याच्या घरात रोज जे चाललेलं असतं ते दिसत नाही, आणि तो माणूस सांगतही नाही.

न सांगण्यात पुरुष जास्त. बाईनं सांगितलं सासूला भरवायचंय, तर निदान लोक मान हलवतात. माझा नवरा आईचं सगळं करतो, डायपर बदलण्यासकट सगळं, पण त्याच्या मशीन शॉपमध्ये हे कुणालाही माहीत नाही. तो म्हणतो, सांगितलं तर म्हणतील बायको कुठं गेलीय. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ९७, घरातल्या माणसांच्या सांभाळणुकीत बायका १३४ आणि पुरुष ७६ असे आकडे आहेत. बायकांचा भार जास्त आहेच, त्यात वादच नाही. पण ती ७६ मिनिटं देणारा पुरुष ती लपवून देतो हेही मला दिसतं, आणि तो लपवतो तोवर ती वाढणार कशी?

आता जे सांगणार आहे ते मला सगळ्यात जास्त लागतं. नोकरी वाकली नाही की घरात दुसरं कुणीतरी वाकतं, आणि बहुतेक वेळा ती घरातली मुलगी असते. मावशी न सांगता आल्या नाहीत की आमची मुलगी कॉलेज बुडवून आजीजवळ बसायची. "आई, तू जा, मी आहे," म्हणायची आणि मी जायची, कारण महिनाअखेर, पगार अडकेल. तिचं प्रॅक्टिकल बुडालं तरी तिच्यासाठी कुठं गेटपास नाही, लेट मार्क नाही, म्हणून तो खाडा कुणाच्याच हिशोबात धरला जात नाही. कोअर शॉपमधल्या त्या बाईची थोरली तर शाळेतूनच काढलेली, आजोबांना बघायला कुणी नाही म्हणून. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याच कोल्हापूरच्या पोरी सासरी जायच्या आधीच घरच्या म्हाताऱ्यांपायी शाळा सोडतायत, ते कुठं नोंदलंच जात नाही, कारण त्या नोकरीला नसतात. बाईला रोज दुपारी पाऊण तास खात्रीनं मिळाला असता आणि सकाळी अर्धा तास, तर ती पोरगी आज शाळेत असती. मी हे अंदाजानं म्हणत नाही, तिनं स्वतः मला खिडकीशी उभं राहून सांगितलंय.

तर मी काय केलंय ते सांगते. एक अर्ज तयार केलाय, एका पानाचा. वर नाव, खातं, तिकीट नंबर. मग काय बदल हवाय, ठराविक शिफ्ट, उशिरा सुरुवात, मधली सुट्टी मोठी, की अदलाबदल. किती दिवसांसाठी, जास्तीत जास्त तीन महिने, मग परत अर्ज. त्या वेळात काम कोण बघणार, म्हणजे कामावरच्या जोडीदाराची सही. आजाराचं नाव लिहायची सक्ती नाही, घरात सांभाळायला माणूस आहे एवढं पुरे. उत्तर पंधरा दिवसांत, लेखी, नाही म्हणायचं असेल तर कारण. आणि आधी मंजूर झालेल्या बदलाला खाडा धरायचा नाही, हजेरी भत्ता कापायचा नाही. या शेवटच्या ओळीवर सगळ्यात जास्त चर्चा झाली, युनियनचे दादा म्हणाले हीच ओळ राहिली पाहिजे बाकी काय पण बदला, सुपरवायझर म्हणाले लोक गैरफायदा घेतील. मी म्हटलं जोडीदाराची सही आहे ना, ज्याला दुसऱ्याचं काम ओढायचंय तो खोट्याला सही देईल का? त्यावर ते गप्प बसले. मालकांनी सगळं वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले, "वहिनी, कोअर शॉपला आधी करून बघू, चालतंय का बघू." मला वहिनी म्हणतात ते, मॅडम नाही.

कोअर शॉपची नोंदवही मी आखून ठेवलीय. पहिल्या अर्जावर नाव कुणाचं असणार ते तुम्हाला कळलंच असेल. फेटलिंग आणि इन्स्पेक्शनलाही पुढं जमेल, त्याची मला काळजी वाटत नाही.

अडलंय ते मेल्टिंगला. तिथं एकाची आई स्मृतिभ्रंशाची पेशंट आहे. दिवसभर ती बरी असते, शेजारच्या काकू बघतात, पण तिन्हीसांजेला तिची घालमेल सुरू होते, घर ओळखत नाही, माहेरी जायचंय म्हणून दार उघडून रस्त्यावर जाते. या आजारात संध्याकाळी असं होतं हे डॉक्टरांनी त्याला सांगितलंय, आणि त्या वेळी मुलगा दिसला तरच ती शांत होते. म्हणजे त्याला सेकंड शिफ्ट कधीच जमणार नाही. आणि फर्नेस हाताळणारी माणसं आमच्याकडं इतकी थोडी आहेत की एकाला सेकंडमधून काढलं तर दुसऱ्यांची फरफट होते, त्यांनाही घरं आहेत. त्याला उपाय एकच, अजून एक माणूस फर्नेसवर तयार करायचा, आणि त्याला काही महिने लागतात, त्या काळात त्याचा पगार नुसता शिकण्यासाठी द्यावा लागतो. शनिवारच्या मीटिंगला मी तो विषय घातलाय. मालक एकदम हो म्हणणार नाहीत, खर्चाचा प्रश्न आहे आणि ऑर्डरी सध्या कमी आहेत. पण मी मेल्टिंगच्या त्या दादाला सांगितलंय की तुमचं खातं यादीत असो नसो, तुम्ही अर्ज द्या, नाही म्हणाले तरी कारण कागदावर लिहून द्यावं लागेल, आणि ते कारण माणूस कमी आहे हेच असणार, मग माणूस वाढवायचं बोलणं त्या कागदावरूनच सुरू करू.